काळ्या ओठांचे भांडे

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात मी ज्या भांड्यापुढे खिळून उभी राहिले, ते वीतभरही उंच नव्हते. २०१९ च्या डिसेंबरात मी मुलीकडे गेले होते, बाहेर बर्फ पडून गेले होते, आणि प्राचीन नुबियावरचे प्रदर्शन लागले आहे हे कळल्यावर दुपार बरी जाईल एवढ्याच हेतूने आम्ही दोघी तिकडे गेलो. काचेच्या कपाटात रांगेने ठेवलेले पेले होते. बूड गोल, तोंड उमलत्या फुलासारखे बाहेर फाकलेले. खालचा भाग घोटून चकचकीत केलेला तांबडा, वरचा भाग काजळासारखा काळा, आणि या दोहोंच्या मध्ये एक राखाडी, रुपेरी झाक असलेला पट्टा. त्या पट्ट्याची कड कुठेच सरळ नव्हती. एके ठिकाणी तो बोटभर रुंद होई आणि दुसरीकडे जेमतेम रेघ उरे. काठ इतका पातळ होता की ते मातीचे आहे यावर पटकन विश्वास बसू नये. शेजारच्या पाटीवर लिहिले होते की ही भांडी चाकावर केलेली नाहीत, हाताने घडवलेली आहेत, सुदानमधील केर्मा येथील आहेत, आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

"आई, हे तुझ्या जुनापाणीच्या खापरांसारखं दिसतंय," मुलगी म्हणाली.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाले की जुनापाणीची शिळावर्तुळे लागतात. विदर्भातील त्या महापाषाणीय कबरींतून निघणारी काळी-तांबडी खापरे मी कॉलेजात असताना हातात घेतलेली आहेत, त्यामुळे मुलीचे म्हणणे मला लगेच पटले आणि तितक्याच लगेच मी सावधही झाले. तांबड्या भांड्याचे तोंड काळे होते ते आगीमुळे. मातीत लोह असते. भाजताना त्याला मोकळी हवा मिळाली की ते तांबडे होते, आणि हवा कोंडून भुशाचा किंवा शेणाचा धूर आत भरला की कार्बन मातीत मुरून ती काळी पडते. भांडे पालथे घालून त्याचे तोंड भुशात दडपले की दोन्ही रंग एकाच भाजणीत मिळतात. ही युक्ती माती आणि आग असेल तिथे कुणालाही सापडू शकते. पण केर्माचा तो रुपेरी पट्टा मात्र मी आपल्याकडे कधीच पाहिलेला नव्हता.

केर्मा हे ठिकाण नाईलच्या तिसऱ्या प्रपाताच्या थोडे वर, म्हणजे दक्षिणेला आहे. प्रपात हा शब्द ऐकून उंच धबधबा डोळ्यांपुढे आणू नये. नदीच्या पात्रात खडक वर आलेले असतात, पाणी त्यांच्यामधून फेसाळत जाते आणि नावा अडतात, इतकेच. इजिप्तची जुनी सीमा पहिल्या प्रपाताशी, आजच्या आस्वानजवळ होती, आणि तिथून दक्षिणेला नुबिया सुरू होई. इ.स.पू. २५०० च्या सुमारास केर्मा येथे एक राज्य उभे राहिले आणि ते सुमारे हजार वर्षे टिकले. त्या नगराच्या मध्यभागी कच्च्या विटांचा एक अवाढव्य ठोकळा आजही वीसेक मीटर उंच उभा आहे. तिथले लोक त्याला 'देफूफा' म्हणतात. आपल्याकडे गावाच्या जुन्या पांढरीला जशी नावे चिकटतात, तसेच हेही चिकटलेले नाव आहे. ज्यांनी तो बांधला ते त्याला काय म्हणत असतील हे सांगणारी एक ओळही त्यांनी मागे ठेवलेली नाही. केर्माच्या लोकांजवळ लिपी नव्हती, आणि शेजाऱ्याजवळ भरपूर लिपी होती, ही एवढी एक गोष्ट त्यांना फार महागात पडली.

शेजारी त्यांच्याविषयी काय लिहीत असे, हे सर्वांना ठाऊक आहे. इजिप्तच्या शिलालेखांत या देशाचा उल्लेख बहुधा 'हीन कुश' असा येतो. (कुश हे नाव दिसताच त्याचा रामाच्या मुलाशी संबंध जोडणारे संदेश आपल्याकडे फिरत असतात, मला ते वर्षातून दोनदा तरी येतात. नावातील ध्वनीपलीकडे त्याला कसलाही आधार नाही.) तूतनखामेनच्या थडग्यात जे जोडे सापडले, त्यांच्या तळांवर हात बांधलेले नुबियन आणि आशियाई कैदी चितारलेले आहेत, म्हणजे राजा चालेल तेव्हा प्रत्येक पावलाला शत्रू तुडवला जाईल. त्याच्या काही काठ्यांच्या मुठीही अशाच वाकवलेल्या कैद्यांच्या आहेत. कारागिरी अप्रतिम आहे यात वाद नाही. केसांची कुरळी वळणे, कानातील कडी, ओठांची ठेवण हे सगळे इतक्या बारकाईने केले आहे की कलावंताने ती माणसे जवळून पाहिली असली पाहिजेत. इतक्या जवळून पाहूनही तुडवण्यासाठीच चितारावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

केर्मा पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने खणले ते जॉर्ज रायझनर यांनी, १९१३ ते १९१६ या काळात, हार्वर्ड विद्यापीठ आणि बॉस्टनचे संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेतून. त्या काळच्या वाटणीच्या रिवाजाप्रमाणे सापडलेल्या वस्तूंचा मोठा वाटा बॉस्टनला गेला, म्हणून तर नाईलकाठचे हे पेले मला अटलांटिकच्या पलीकडे भेटले. रायझनर हे आपल्या काळातले अत्यंत शिस्तीचे उत्खननकार होते. प्रत्येक थराची नोंद, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र आणि रोजनिशी यांत त्यांनी हयगय केली नाही, आणि त्यामुळेच त्यांची चूक पुढच्यांना त्यांच्याच नोंदींवरून दुरुस्त करता आली.

चूक अशी झाली. केर्माच्या पूर्वेकडील दफनभूमीत त्यांना मातीचे प्रचंड गोल उंचवटे सापडले. सर्वांत मोठ्यांचा व्यास नव्वद मीटरांच्या आसपास आहे. आत राजाला बाजेवर निजवलेले असे. हो, बाजच. लाकडी चौकट, चामड्याची विणलेली जाळी, पायथ्याच्या फळीवर हस्तिदंतात कोरून बसवलेले शहामृग आणि जिराफ. सुदानात आजही 'अंगारेब' नावाची तशीच बाज घराघरांतून वापरतात. राजाच्या भोवती आणि उंचवट्याच्या मधून जाणाऱ्या लांब बोळात त्याच्यासोबत मारलेली माणसे होती. एका उंचवट्यात ती तीनशेहून अधिक भरली. हे वाचताना पोटात गोळा येतो, आणि नुबियाविषयी आत्मीयतेने लिहिणारे पुष्कळ लेखक हा भाग घाईघाईने ओलांडतात, तसे करू नये असे मला वाटते. अशाच एका उंचवट्यात रायझनरना दोन इजिप्शियन व्यक्तींच्या पाषाणमूर्ती मिळाल्या. एक भग्न मूर्ती मध्य इजिप्तमधील आसियुतचा अधिकारी हेपझेफा याची आणि दुसरी त्याची पत्नी सेन्नुवी हिची, जवळजवळ अभंग. सेन्नुवीही आता बॉस्टनलाच आहे. काळसर कठीण दगडात कोरलेली ही स्त्री अंगालगतच्या वस्त्रात ताठ बसलेली आहे, उजव्या मुठीत तिने कमळ धरले आहे, आणि चेहरा इतका शांत आहे की तिला आपण कुठे येऊन पडलो आहोत याची कल्पना नसावी.

रायझनरनी निष्कर्ष काढला की हेपझेफा हाच केर्माचा इजिप्शियन सुभेदार होता, हा उंचवटा त्याचाच, देफूफा ही इजिप्शियनांची वखार, आणि ही सुंदर भांडीही इजिप्शियनांच्या देखरेखीखाली केलेली. स्थानिक आफ्रिकी लोकांनी हे स्वतः उभे केले असेल ही शक्यता त्यांच्या मनाने स्वीकारलीच नाही. पुढे नापाटाच्या, म्हणजे नुबियातल्या नंतरच्या राजधानीच्या, राजांच्या बाबतीतही ते लिबियातून आलेल्या घराण्याचे असावेत असे त्यांनी मांडले, म्हणजे शक्यतो उत्तरेकडचे, शक्यतो उजळ वर्णाचे. अडचण एवढीच होती की हेपझेफा इ.स.पू. विसाव्या शतकातला होता, त्याचे कोरीव थडगे आसियुतलाच होते, आणि केर्माचा तो उंचवटा त्याच्यानंतर दोन-तीन शतकांनी रचलेला होता. मग या मूर्ती तिथे आल्या कशा? याचे उत्तर नुबियात नाही, इजिप्तमध्येच मिळाले. २००३ मध्ये एल-काब येथील सोबेकनख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक लेख वाचला गेला, ज्यात कुशने दक्षिणेकडील अनेक टोळ्या गोळा करून इजिप्तवर मोठी स्वारी केल्याचे लिहिलेले आहे. फॅरोंच्या अधिकृत लेखांत या स्वारीचा मागमूस नव्हता. सेन्नुवी ही केर्माच्या राजाने लुटून आणलेली मूर्ती होती. राज्यपालाची पत्नी म्हणून नव्हे, विजयचिन्ह म्हणून ती त्या मातीत बसली होती.

इ.स.पू. १५०० च्या सुमारास इजिप्तने याचे उट्टे काढले, केर्मा जाळले आणि पुढची सुमारे पाच शतके नुबियावर राज्य केले. या काळातल्या एका माणसाविषयी वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे नाव हेकानेफर. तूतनखामेनच्या वतीने नुबियाचा कारभार पाहणाऱ्या हुय या सुभेदाराचे थडगे थीब्जला, नाईलच्या पश्चिम काठावर आहे, आणि त्याच्या भिंतीवर नुबियाचा नजराणा येतानाचे मोठे चित्र आहे. सोन्याची कडी, थैल्या भरून सोन्याची भुकटी, कातडी, जिराफ, शिंगांच्या टोकांना सजवलेले बैल, बैल जोडलेल्या रथात छत्रीखाली बसलेली एक राजकन्या. या मिरवणुकीत नुबियातील मियाम येथील राजपुत्र हेकानेफर नाव लिहूनच दाखवला आहे. केसांत पीस, अंगावर बिबट्याचे कातडे, काळासावळा वर्ण, आणि तो जमिनीपर्यंत वाकलेला. एरवी इथेच गोष्ट संपली असती. पण १९६० नंतर आस्वानच्या उंच धरणाचे पाणी चढण्याआधी जी घाईची उत्खनने झाली त्यांत अमेरिकन संशोधक विल्यम केली सिम्प्सन यांना तोश्का येथे खुद्द हेकानेफरचे थडगे मिळाले, आणि तिथे तो इजिप्शियन उमरावाच्या वेषात आहे, इजिप्शियन प्रार्थनांसह, इजिप्शियन पद्धतीने पुरलेला. एकाच माणसाची दोन चित्रे. थीब्जच्या चित्रकाराला नजराण्यात एक नुबियन नुबियनासारखा दिसायला हवा होता, म्हणून त्याने पेटाऱ्यातून पीस काढून त्याच्या केसांत खोचले. हेकानेफर स्वतः मात्र राजवाड्यात वाढलेला असणार, कारण जिंकलेल्या सरदारांची मुले दरबारी आणून वाढवण्याची इजिप्तची रीतच होती. दोहोंपैकी खरा हेकानेफर कोणता, असे विचारायचा मोह होतो. मला वाटते तो सकाळी एक वेष आणि संध्याकाळी दुसरा वेष घालत असावा, आणि त्याला त्यात विशेष काही वाटत नसावे. पोटासाठी परमुलखात राहिलेल्या आपल्या मुलांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे चक्र उलटे फिरले, तो इतिहास बराच प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. इ.स.पू. आठव्या शतकात नापाटाच्या पिये राजाने इजिप्त जिंकले आणि त्याचे घराणे इजिप्तचे पंचविसावे घराणे ठरले. जेबेल बर्कल या डोंगराच्या पायथ्याशी १८६२ मध्ये सापडलेल्या आपल्या विजयलेखात पिये सांगतो की शरण आलेल्या निमलोत राजाच्या तबेल्यात तो गेला तेव्हा घोडे उपाशी ठेवलेले दिसले, आणि निमलोतच्या इतर सगळ्या अपराधांपेक्षा हेच त्याच्या मनाला अधिक लागले. युद्धाच्या लेखात असा मजकूर मी दुसरीकडे वाचलेला नाही. एल-कुर्रू येथे या राजांच्या थडग्यांजवळ रायझनरनाच चोवीस घोड्यांच्या कबरी मिळाल्या, साजासह उभे पुरलेले घोडे.

या राजांच्या मूर्ती पाहायच्या असतील तर केर्माजवळच्या दुक्की गेल येथे २००३ च्या जानेवारीत शार्ल बोने या स्विस संशोधकाच्या पथकाला सापडलेल्या सात मूर्ती पाहाव्यात. एका खड्ड्यात त्या तुकडे करून नीट पुरलेल्या होत्या. तहारका, तनुतामानी आणि त्यांच्या मागून आलेले तीन राजे. इ.स.पू. ५९३ च्या सुमारास इजिप्तच्या दुसऱ्या सामेतिक राजाच्या सैन्याने त्या फोडल्या असाव्यात आणि नंतर कुणीतरी तुकडे गोळा करून त्यांना मूठमाती दिली असावी. चेहरे रुंद आहेत, मान आखूड आणि भक्कम आहे, कपाळावर एकाऐवजी दोन नाग आहेत. साचा सगळा इजिप्तचा आहे, एक पाय पुढे, हात सरळ, मुठी आवळलेल्या, पण त्यात उभा असलेला माणूस इजिप्शियन नाही आणि त्याला तसे दिसायचेही नाही. बोने १९७० च्या दशकापासून केर्मात खणत होते, आणि देफूफा हे वखार नसून स्थानिक धर्मस्थान होते, त्याच्याभोवती तटबंदी, घरे, भट्ट्या असलेले खरेखुरे नगर होते, हे त्यांच्याच चिकाटीमुळे सिद्ध झाले.

नुबियाच्या मातीत आपल्याकडच्या लोकांनीही खणले आहे, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. आस्वानच्या उंच धरणामुळे नुबिया बुडणार म्हणून १९६० च्या मार्चमध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली. त्यातून अबू सिंबेलची मंदिरे हजाराहून अधिक ठोकळ्यांत कापून पासष्ट मीटर वर चढवली गेली. पोलंडच्या पथकाने फरासच्या वाळूत गाडलेल्या कॅथेड्रलच्या भिंतींवरून शंभरावर ख्रिस्ती भित्तिचित्रे उतरवली, ज्यांतील ओठांवर बोट ठेवलेली संत अ‍ॅना आज वॉर्सात आहे. या हाकेला उत्तर म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे एक पथक १९६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात गेले आणि आफ्ये व तुमास येथे त्यांनी उत्खनन केले. तुमासला त्यांना 'सी गट' लोकांच्या कबरी मिळाल्या. (ही ए, सी अशी अक्षरेही रायझनरनीच दिलेली. ज्यांचे नाव कळत नाही त्यांना तात्पुरते अक्षर द्यावे आणि ते कायमचे चिकटावे, असे झाले.) तिथली काळ्या तोंडाची तांबडी भांडी पाहून दक्षिण भारतातील महापाषाणीय खापरांशी असलेल्या साम्याकडे लाल यांचे लक्ष गेले, म्हणजे माझ्या मुलीने काचेपुढे जे म्हटले ते सत्तावन्न वर्षांपूर्वी एका मातब्बर संशोधकालाही सुचलेले होते. परंतु सी गटाची भांडी इ.स.पू. १५०० च्या आधीची आहेत आणि विदर्भातील शिळावर्तुळे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. मधे समुद्र आहे, कित्येक शतके आहेत, आणि हे साम्य वाटेत हातोहात पोहोचवणारी एकही वसाहत सापडलेली नाही. नरसिंहासारख्या दिसणाऱ्या एका देवाचेही तसेच. सुदानात मेरोईजवळच्या नाका नावाच्या ठिकाणी एका मंदिरावर अपेडेमाक हा सिंहमुखी देव तीन तोंडांचा आणि चार हातांचा कोरला आहे, आणि त्यात भारत शोधणारे विद्वानही होऊन गेले. तो पाहून मन हुरळते हे कबूल आहे. पण केर्माच्या कुंभाराचे श्रेय रायझनरनी इजिप्तला दिले आणि आपण ते भारताला द्यायचे, तर त्याच्या वाट्याला काय उरले?

धरणाच्या पाण्यातून दगडाची मंदिरे वाचली आणि मातीची घरे बुडाली. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख नुबियन लोक उठवले गेले. कुणी कोम ओम्बोच्या रखरखीत कडेला, कुणी वादी हाल्फाहून शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिर्बाला. त्यांच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत नक्षी असे आणि ओल्या गिलाव्यात चिनी मातीच्या बशा बसवलेल्या असत. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही, त्यामुळे अबू सिंबेलच्या यशाची वर्णने वाचताना मला त्या बशांची आठवण येत राहते. आणि जे पाण्यातून वाचवून खार्तुमच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले होते, त्यालाही शांतता मिळाली नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये शहरात युद्ध पेटले, संग्रहालय लढणाऱ्यांच्या ताब्यात गेले आणि लुटले गेले. केर्माच्या वाटणीतला दुसरा वाटा सुदानकडे राहिला होता.

तो रुपेरी पट्टा मात्र मला स्वस्थ बसू देईना. गेल्या दिवाळीनंतर, पणत्यांचा हंगाम सरल्यावर, मी नागपुरातल्या आमच्या नेहमीच्या कुंभाराकडे गेले आणि मोबाइलवरचा फोटो दाखवून असे करता येईल का म्हणून विचारले. त्याने फोटो बघून हसून सांगितले, "अशे निघाले तं आमी बाजूले टाकतो, बाई. कच्चं राह्यलं म्हणून गिऱ्हाईक घेत नाही." तरीही त्याने माझ्या समाधानासाठी सहा लहान भांडी हाताने थापली, गेरू लावून गारगोटीने घोटली, आणि आव्यात भुशाच्या थरावर पालथी घातली, वरून गोवऱ्या रचल्या. दुसऱ्या दिवशी राख उकरली तेव्हा दोन तडकलेली होती. एक सगळेच काळवंडले होते. उरलेल्या तिघांचे ओठ काळे आले होते आणि अंग तांबडे, फक्त दोन रंगांच्या मधली सीमा धुरकट होती, पाण्यात शाई उतरावी तशी. राखाडी पट्टा एकावरही नव्हता.

त्याने एक भांडे पायजम्याला पुसले, उजेडात फिरवून पाहिले आणि फोटो पुन्हा मागितला. दोन बोटांनी तो मोठा करून बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत राहिला. "हे आगीनं झालं नाही," तो म्हणाला, "हे त्यानं काहीतरी लावलं हाय." मग मला जायला सांगण्याऐवजी त्याने पोराला हाक मारून आणखी माती भिजवायला सांगितली.